बिनस्वाराचा घोडा

महाराष्ट्रातल्या पोरांना घोडा काढायला सांगितला की त्याच्यावर शिवाजी महाराज बसणारच. अठ्ठावीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली, पाचवी ते दहावी, आणि याला अपवाद अगदी थोडे पाहिले. महाराज नसले तर बाजीराव, मुलींच्या वहीत पाठीशी बाळ बांधलेली झाशीची राणी. खालचा घोडा कधी शेळीसारखा व्हायचा, कधी त्याचे मागचे पाय पुढे वाकायचे, पण वरचा जिरेटोप, तलवार, तुरा हे सगळं जिथल्या तिथे. घोडा म्हणजे कोणाला तरी वर बसवण्याची जागा, हे त्यांच्या मनात पक्कं असायचं.

चित्रकलेच्या वर्गात मागच्या भिंतीवर मी चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा घोडा लावला होता. एका कॅलेंडरचं पान होतं ते. तारखांची पट्टी कापून टाकली होती आणि पान पुठ्ठ्यावर खळीने चिकटवलं होतं. तांबूस जमिनीवर पांढरा घोडा. मान मागे फेकलेली, नाकपुड्या फुललेल्या, दात विचकलेले, आणि पाय इतके एकात एक गुंतलेले की मोजायला गेलं तर दर वेळी आकडा वेगळा यायचा. सहावीतला एक मुलगा त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, ह्याच्यावरचा माणूस कुठं गेला?"

"चित्रकाराने काढला नाही," एवढंच मी त्याला सांगितलं. उत्तर खोटं नव्हतं, पण त्या मुलाला ते पुरलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मलाही पुरलं नाही.

माझं माहेर वाखरीजवळचं. पंढरपूर तिथून हाकेच्या अंतरावर. आषाढीच्या आधी माउलींची पालखी येते आणि मोकळ्या माळावर रिंगण होतं. मी पाच-सहा वर्षांची असेन. अण्णांनी मला खांद्यावर घेतलं होतं. आधी पताकावाले धावले, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, मग विणेकरी, पखवाजवाले. त्यानंतर एकदम सगळा माळ गप्प झाल्यासारखा वाटला आणि घोडे सुटले. पुढच्या घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार होता. मागच्या घोड्यावर खोगीर होतं, झूल होती, गळ्यात हार होते, आणि वर कोणी नव्हतं.

मी अण्णांना विचारलं, त्याच्यावर कोण का नाही बसलं? अण्णा म्हणाले, "बसल्यात की. माउली हायती त्याच्यावर."

तो घोडा पुढे गेला आणि सगळी माणसं खाली वाकली. त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावू लागली. अण्णांनी वाकून चिमूटभर घेतली, हात वर करून माझ्याही कपाळाला लावली. माझ्या डोळ्यात धूळ गेली होती आणि मी रडत होते, असं आई सांगायची. मला रडणं आठवत नाही. मला ती रिकामी पाठ आठवते. माणसाच्या वजनाशिवाय घोड्याची पाठ किती लांब दिसते!

ते घोडे बेळगावकडच्या अंकलीहून येतात. शितोळे सरदारांचे. दरवर्षी अंकलीहून आळंदीपर्यंत ते चालत जातात आणि मग पालखीबरोबर पंढरीला येतात. हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला आजचं रूप दिलं, तेव्हापासूनची ही रीत. एवढ्या लांब चालून येणाऱ्या त्या अश्वावर वाटेतही कोणी बसत नाही.

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म याच पंढरपुरातला. १७ सप्टेंबर १९१५. घर सुलेमानी बोहरा. मकबूल दीड वर्षाचे असताना त्यांची आई झैनब गेली. तिचा एकही फोटो नव्हता. पुढे आयुष्यभर त्यांनी बायका काढल्या, पण चेहरे कितीतरी वेळा कोरे ठेवले. मदर तेरेसांच्या चित्रांत तर फक्त निळ्या काठाची साडी असते आणि आत अंधार. त्या कोऱ्या जागेबद्दल पुष्कळ लिहून आलं आहे. घोड्याच्या पाठीवरच्या कोऱ्या जागेबद्दल मात्र फार कमी.

आई गेल्यावर वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि कुटुंब इंदूरला गेलं. म्हणजे हुसेन यांना पंढरपूर आठवण्याचं कारण नाही. रिंगण त्यांनी पाहिलं आणि म्हणून घोडे काढले, असं मला म्हणायचं नाही आणि तसं कोणी म्हणू नये. त्यांनी स्वतः सांगितलेली आठवण इंदूरची आहे, मोहरममधल्या दुलदुलची.

करबलाच्या रणात इमाम हुसेन पडले आणि त्यांचा घोडा एकटाच तंबूंकडे परत आला. रिकामं खोगीर पाहून बायकांना कळलं काय झालं ते. मोहरममध्ये त्या घोड्याची आठवण म्हणून सजवलेला घोडा निघतो. कुठे खरा, कुठे बांबू-कागदाचा. त्याला लोक दुलदुल म्हणतात. लोक त्याला हात लावून डोळ्यांना लावतात, आणि त्याच्यावर कोणी बसत नाही. चित्रकाराच्या वडिलांचं नाव फिदा हुसेन होतं, म्हणजे हुसेनवर जीव ओवाळून टाकणारा. त्या नावाचं पोर मिरवणुकीत उभं राहून त्या घोड्याकडे कसं पाहत असेल!

हे मी वाचलं तेव्हा माझी शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती. शाळेच्या वाचनालयात उभ्याउभ्याच वाचलं आणि तिथल्या बाकावर बसले. सहावीतल्या त्या मुलाला द्यायचं उत्तर मला मिळालं होतं, पण तो मुलगा केव्हाच शाळा सोडून गेला होता. पाठ रिकामी ठेवायची ती वर बसणारा आपल्या हातात मावणार नाही म्हणून. आमच्या माळावर माउली, इंदूरच्या रस्त्यावर इमाम. घोडा तोच.

आमच्या गावातही मोहरम असायचा. मुसलमानांची घरं चार-पाच आणि सवाऱ्यांपुढे, म्हणजे मिरवायच्या पंजांपुढे, नाचणारं सगळं गाव. नवसाने फकीर होणाऱ्यांत मराठे, धनगर, माळी सगळे असत. त्यात नालसाहेबांची सवारी मोठी मानाची. नाल म्हणजे घोड्याचा नाल, त्याच आकाराची. अण्णा वर्षातून दोनदा घोड्यापुढे वाकायचे, एकदा टापेच्या मातीसाठी आणि एकदा नालेसाठी. त्यांना यात वेगळं काही वाटलं असेल, असं मला वाटत नाही.

इंदूरला हुसेन यांच्या आजोबांचा एक मित्र नालबंद होता. नातू आजोबांबरोबर तिथे जायचा आणि नाल ठोकून घेणारे घोडे तासन्‌तास बघायचा. मला ही माहिती त्यांच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोलाची वाटते. घोडा सगळ्यांना धावताना माहीत असतो. नालबंदाकडे तो उभा असतो, तीन पायांवर, चौथा पाय माणसाच्या मांडीवर. तिथे कळतं की मागच्या पायाला जो उलटा वाकलेला गुडघा वाटतो तो गुडघा नाहीच, ती टाच आहे. खरा गुडघा वर पोटाशी असतो. घोडा एका एका बोटाच्या नखावर उभा असतो. मी दरवर्षी हे फळ्यावर काढून दाखवायची आणि दरवर्षी अर्धा वर्ग मागचा पाय पुढे वाकवून आणायचाच. नालबंदाकडे एक दिवस नेता आलं असतं तर फळ्याची गरज पडली नसती, पण तोवर टांगे संपले होते.

इंदूरच्या चित्रशाळेत हुसेन थोडा काळ गेले. ती शाळा दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी उभी केलेली. चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे तिथलेच. मग मुंबई. ग्रँट रोडचा परिसर आणि सिनेमाची पोस्टरं. शिडीवर चढून, रस्त्यावरच, माणूसभर उंचीचे चेहरे रंगवायचे आणि पैसे मिळायचे चौरस फुटाच्या हिशोबाने. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पाच वर्षं बसून जो हात तयार होतो तो मनगटातून चालतो. पोस्टरवाल्याचा हात खांद्यातून चालतो, कारण नटीची भुवईच दोन हात लांब असते. हुसेन यांच्या घोड्याच्या मानेची रेघ बघा. कानापासून खांद्यापर्यंत एका दमात आलेली असते, कुठे थांबून विचार केल्याची खूण नाही. मी ती रेघ फळ्यावर शंभर वेळा काढून पाहिली आहे. खडू घेऊन पाय रोवून उभं राहावं लागतं आणि अख्खं अंग एका बाजूला टाकावं लागतं. मनगटाने ती येत नाही.

पोस्टरं, मग लाकडी खेळणी आणि लहान मुलांचं फर्निचर. त्यांच्या घोड्यांत जो एक ताठपणा आहे, लाकडातून कापून काढल्यासारखा, तो मला त्या खेळण्यांतून आलेला वाटतो. १९४७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांचं चित्र लागलं, चित्रकार सूझांनी ते पाहिलं आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या नव्या चित्रकारांच्या गटात त्यांना ओढलं. सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे आणि हुसेन. पुढच्या वर्षी दिल्लीला राष्ट्रपती भवनात भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन होतं. तिथे त्यांनी मथुरेची शिल्पं आणि बसोहलीची पहाडी लघुचित्रं पाहिली, आणि त्यांचे रंग त्यानंतर पहिल्यासारखे राहिले नाहीत.

घोड्याच्या दृष्टीने मोठं वर्ष १९५२. त्या वर्षी ते चीनला गेले. तांग राजवटीच्या काळातले मातीचे घोडे आणि शू बेइहोंग यांची शाईची चित्रं त्यांनी पाहिली. शू बेइहोंग म्हणजे चीनमधला घोड्यांचा चित्रकार. ओल्या कुंचल्याचे चार फटकारे आणि कागदावरून आयाळ उडत निघालेली. हेच शू १९४० च्या सुमारास रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनला येऊन राहिले होते. त्यांच्याही घोड्यांवर बहुतेक वेळा कोणी बसलेलं नसतं. ना लगाम, ना खोगीर. पण त्यांची रिकामी पाठ मला वेगळी वाटते. तो घोडा मोकळा सुटलेला आहे, त्याला कोणाची वाट नाही. हुसेन यांच्या घोड्याने कोणाला तरी वाहून आणलं आहे किंवा आणायला निघाला आहे. त्याची मान मागे वळते ती उगाच वळत नाही.

पायांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लोक हसतात. "सहा पाय काढलेत," असं शाळा तपासायला आलेले एक साहेब माझ्या भिंतीकडे बघून म्हणाले होते. १८७८ मध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराने अमेरिकेत रांगेने कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो काढले. तोवर जगातले भलेभले चित्रकार धावता घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून काढत होते. फोटोत दिसलं की चारी पाय हवेत असतात खरे, पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. फोटोने वाद मिटवला. तरी रिंगणाच्या कडेला उभं राहून बघा. डोळ्याला फोटो दिसत नाही. डोळ्याला धूळ दिसते, आणि धुळीत पुष्कळ पाय. मागचा क्षण अजून पुसलेला नसतो तोवर पुढचा येऊन बसतो. हुसेन यांनी ते डोळ्याचं काढलं. अण्णांच्या खांद्यावरून मला जे दिसलं होतं त्याला मी नंतर एकाच माणसाच्या चित्रांत भेटले.

अनवाणीपणाची गोष्ट पुष्कळांना माहीत असते, तिच्यामागचं कारण कमी जणांना. १९६४ साली दिल्लीत गजानन माधव मुक्तिबोध गेले. हिंदीतले एवढे मोठे कवी, घर मराठी. आपले शरच्चंद्र मुक्तिबोध त्यांचे धाकटे भाऊ. गजानन मुक्तिबोधांच्या अंत्ययात्रेत हुसेन यांनी चपला काढल्या त्या परत घातल्या नाहीत, असं सांगतात. एका कवीला द्यायचा मान त्यांनी पुढची जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं पायांनी दिला. नालबंदाच्या मित्राचा नातू बिननालेचा चालत राहिला.

याच काळात समाजवादी नेते राममनोहर लोहिया त्यांना म्हणाले की बिर्ला-टाटांच्या दिवाणखान्यांतून बाहेर पडा, रामायण रंगवा. हैदराबादला लोहियांचे साथी बद्रीविशाल पित्ती यांच्याकडे राहून त्यांनी वर्षानुवर्षं रामायणाची चित्रं केली. ती बैलगाड्यांतून खेड्यांत नेली गेली. तिथे कोणी विचारलं नाही की हे असं का काढलं. १९७१ मध्ये साओ पावलोला पिकासोबरोबर मांडायला त्यांनी महाभारत निवडलं. महाभारतातला एक घोडा माझ्या मनातून जात नाही. अश्वमेधाचा. तोही बिनस्वाराचाच सोडतात. तो जिथे जाईल तिथे त्याच्यामागून जायचं असतं.

आता ते सांगते जे सांगायला मला आवडत नाही.

१९९६ मध्ये हुसेन यांची दोन दशकांपूर्वीची देवतांची नग्न रेखाचित्रं एका मासिकात छापून आली आणि गदारोळ सुरू झाला. खटले भरले गेले, चित्रं फाडली गेली. १९९८ साली त्यांच्या मुंबईच्या घरात घुसून तोडफोड झाली. त्या सुमारास एका दुपारी मला ऑफिसात बोलावून सांगितलं गेलं की वर्गातलं ते चित्र काढून टाका. कोणी रागावलं नाही. "बाई, कशाला उगाच," एवढंच. मी म्हणाले, घोडा आहे तो, नुसता घोडा. समोरून उत्तर आलं, "घोडा आहे हो, पण कोणाचा आहे?"

मी वाद घातला नाही. पुठ्ठ्यावरून पान सोडवलं, मधे घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला, आजूबाजूची भिंत मळलेली होती म्हणून. दुसऱ्या दिवशी मुलांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, रंग द्यायचाय भिंतीला. पोरांशी वर्गात मी खोटं बोलले ते तेवढंच. माळावर मातीसाठी आणि मोहरममध्ये नालेसाठी वाकणारे अण्णा तेव्हा हयात होते. त्यांना मी हे सांगितलं नाही.

त्या रेखाचित्रांनी ज्यांचं मन दुखावलं ती सगळी माणसं खोटी होती, असं मी म्हणणार नाही. माझ्या शेजारच्या काकू मनापासून दुखावल्या होत्या, त्यांच्याशी मी तासभर बोलले होते आणि त्यांनी ऐकलंही होतं. पण नव्वदी ओलांडलेला माणूस घरी येऊ शकत नाही, हे मला कुठल्याच बाजूने बरोबर वाटत नाही. २००६ मध्ये ते देशाबाहेर गेले. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे खटले रद्द केले, न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी निकालात कलेच्या बाजूने पानंच्या पानं लिहिली. तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं. ९ जून २०११ रोजी लंडनला गेले आणि इंग्लंडमध्येच त्यांना पुरलं. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाची माती सरेमध्ये आहे. त्या वर्षीही नेहमीप्रमाणे थोड्याच दिवसांत पालख्या निघाल्या.

परदेशातल्या त्या शेवटच्या वर्षांत ते काम करतच होते. दोहाला त्यांनी एक मोठं काम योजलं होतं, 'सीरू फिल अर्द', म्हणजे पृथ्वीवर फिरा. माणूस कसा चालला, धावला, उडाला याची गोष्ट. त्यासाठी त्यांनी घोडे करून घेतले, पाच, मुरानोच्या काचेचे. ते त्यांच्या हयातीत मांडून झाले नाहीत. २०१९ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

माझ्या नणंदेचा मुलगा दोहाला असतो, एसीच्या कामावर. चित्रबित्र त्याला आवडत नाही, पण मी दोन वर्षं मागे लागले तेव्हा एका शुक्रवारी तो गेला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला. दीड मिनिटाचा, हललेला. मधेच कोणाचं तरी डोकं आडवं येतं. अंधारात उजेड पेटतो आणि गोल मंचावरून काचेचे घोडे फिरू लागतात. काच असल्यामुळे उजेड त्यांच्या अंगातून आरपार जातो. मी तो स्वयंपाकघरात उभी राहून पाहिला, मग बाहेरच्या खोलीत बसून पाहिला. कपाटातून ते घडी घातलेलं पान काढून समोर ठेवलं. घडीची रेघ बरोबर घोड्याच्या पाठीवरून गेली आहे. तिथला रंग उडून कागदाचा पांढरा तंतू वर आला आहे.

रात्री त्याला फोन केला. म्हटलं, छान आलंय रे, पण माणसांच्या डोक्यांमुळे पाय दिसले नाहीत.

"मामी, पाय काय बघायचेत? घोड्याचे असतात तसेच आहेत."

म्हटलं, परत जाशील तेव्हा हात उंच करून काढ. कोणाच्या खांद्यावर बसलेल्या पोराला दिसेल ना, तेवढ्या उंचीवरून. आणि एकच घोडा धर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सोडू नकोस त्याला.

तो म्हणाला, या शुक्रवारी ड्युटी आहे, पुढच्या शुक्रवारी जातो.